मोटारसायकलच्या क्रोमची चकाकी कमी करताना

क्रोमने मढलेली मोटारसायकल शोरूमच्या दिव्यांखाली देखणी दिसते, पण तीच गाडी मे महिन्याच्या दुपारी इंदूरच्या रिंग रोडवर चालवायला घेतली की मीटरच्या रिंगेवरून उसळलेले ऊन थेट डोळ्यांत शिरते आणि पुढे चाललेली रिक्षा क्षणभर दिसेनाशी होते. हा लेख हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. यातील बहुतेक गोष्टी घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये करता येतात आणि जिथे कारागिराकडे जाणे शहाणपणाचे आहे, तिथे तसे सांगितले आहे. माझे मत मात्र आधीच सांगून ठेवतो: गाडीवरचे सगळे क्रोम काळे करण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. डोळ्यांना छळणारे भाग बहुधा दोन किंवा तीन असतात, आणि ते नेमके कोणते हे शोधण्यात एक रविवार घालवला तर बाकीचे काम निम्मे होते.

चकाकी येते कुठून

सजावटीचे क्रोम म्हणजे जाड धातू नव्हे. पोलादावर आधी निकेलचा साधारण १० ते २० मायक्रॉनचा थर देतात आणि त्यावर क्रोमियमचा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ मुलामा चढवतात. आरशासारखी झळाळी मुख्यतः गुळगुळीत निकेलची असते, तर वरचे क्रोमियम तिला काळवंडू देत नाही. असा पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६० ते ६५ टक्के प्रकाश परत फेकतो, आणि तोही न विखुरता, एकाच दिशेने. चकचकीत काळा रंग सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ टक्क्यांच्या आसपासच परत फेकतो, परंतु सूर्याचे ४ टक्केही डोळ्यांना पुष्कळ होतात आणि ऊन तिरपे झाले की हे प्रमाण वाढत जाते. म्हणून या कामात रंग काळा असण्यापेक्षा तो मॅट असणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण मॅट पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा प्रकाश चहूकडे विखुरतो. गडद राखाडी मॅट रंगानेही काम उत्तम होते. लष्करी मोटारसायकलींना चमक नसलेला रंग का देत असत, याचे उत्तरही इथेच आहे. त्यांना लपायचे होते, आपल्याला फक्त समोरचे नीट पाहायचे आहे.

भागाच्या आकारानेही फरक पडतो. हेडलाइटच्या किंवा मीटरच्या गोलसर रिंगेवर बहुतेक वेळा एखादा बिंदू असा सापडतोच, जो सूर्याचा किरण बरोबर चालकाच्या डोळ्याकडे पाठवतो. हा ठिपका लहान असतो, पण तो गाडीबरोबर अखंड चालत राहतो. टाकीच्या झाकणासारखा सपाट भाग एरवी गप्प असतो आणि ठरावीक कोन जुळला की एकदम सगळे ऊन तोंडावर फेकतो. वळणावर अचानक डोळे दिपतात ते बहुधा अशाच भागामुळे.

पहिली पायरी: त्रास देणारा भाग शोधणे

हे काम सावलीत होत नाही. गाडी मोकळ्या जागी, भर उन्हात मधल्या स्टँडवर उभी करावी, हेल्मेट घालून आपल्या नेहमीच्या बैठकीत बसावे आणि नजर दूर रस्त्यावर असते तशी समोर ठेवावी. मान खाली घालून चकाकी शोधत बसलात तर प्रत्येक नट-बोल्ट गुन्हेगार वाटू लागेल. नजर समोर असतानाही जो ठिपका खुपतो, त्याच्यावर मास्किंग टेपचा लहान तुकडा चिकटवावा. मग गाडीचे तोंड दुसऱ्या दिशेला वळवून पुन्हा बसावे आणि असे चारही दिशांना करावे. हीच तपासणी सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी आणि संध्याकाळी पाचनंतर अशी तीन वेळा केली की टेपचे तुकडे आपोआप यादी सांगतात.

रोजचा रस्ता लक्षात घेतला तर यादी आणखी आखडते. इंदूरहून पीथमपूरला कामाला जाणाऱ्याचे तोंड सकाळी नैर्ऋत्येकडे आणि संध्याकाळी ईशान्येकडे असते, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य बहुतांशी पाठीशी किंवा बाजूला राहतो. अशा चालकाला मीटरच्या रिंगेची त्याच्याकडे वळलेली कड, हेडलाइटची मागची बाजू आणि आरसे त्रास देतात. देवासला जाणाऱ्याचे नेमके उलटे होते. उन्हाळ्यातल्या सकाळी त्याला ऊन पुढून, उजव्या हाताने लागते आणि हिवाळ्यात संध्याकाळची परतीची वाट जवळजवळ सूर्याकडे तोंड करूनच कापावी लागते, तेव्हा हँडलची वरची बाजू आणि टाकी चमकतात. ऋतूचाही हात असतोच. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही दक्षिणेकडे ४४ अंशांपर्यंतच चढतो आणि खंडवा रोडने सिमरोलकडे निघालेल्याला समोर दिसत राहतो. मे महिन्यात केलेली यादी जानेवारीत पुन्हा एकदा पाहिलेली बरी.

सायलेन्सर, लेग गार्ड आणि मागचे मडगार्ड या यादीत क्वचितच येतात, कारण बसलेल्या चालकाला ते दिसतच नाहीत. नवशिके मात्र नेमके तिथूनच सुरुवात करतात, कारण गाडीकडे लांबून पाहिले की तेच सर्वांत जास्त चमकतात.

दुसरी पायरी: पैसे न लागणारे उपाय

आरशाचा कोन आधी पाहावा. पुष्कळदा क्रोमवर फोडलेले खापर खरे तर कलत्या आरशाचे असते. काच जराशी खाली किंवा बाहेर वळवली की मागून येणारे ऊन आणि रात्री मागच्या मोटारीचा दिवा डोळ्यांऐवजी खांद्यावर पडतो, आणि मागचा रस्ता तरीही दिसतो. मीटर वरच्या ब्रॅकेटवर थोडे तिरपे करता येत असेल तर तेही करून पाहावे. पाचदहा अंशांच्या फरकाने ठिपका डोळ्यांवरून छातीवर उतरतो.

चष्म्याबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोलराइज्ड चष्मा डांबरी रस्ता, साचलेले पाणी आणि मोटारींच्या काचा यांवरून येणारी चमक चांगली कापतो, कारण अशा पृष्ठभागांवरून तिरपा परावर्तित होणारा प्रकाश बऱ्याच अंशी ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, झालेला असतो. धातूवरून परतणारे ऊन मात्र फारसे ध्रुवित होत नाही. त्यामुळे क्रोमच्या बाबतीत महाग पोलराइज्ड चष्मा आणि साधा चांगला गडद चष्मा यांत फार फरक राहत नाही. शिवाय डिजिटल मीटर असलेल्या गाडीवर पोलराइज्ड चष्म्यातून काही कोनांत पडदा काळा दिसतो, तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या गाडीवर बसून खात्री करावी. हेल्मेटची गडद काच दिवसा उपयोगी पडते, पण सूर्य मावळल्यावर ती वापरणे धोक्याचे आहे.

तिसरी पायरी: भाग कशाचा आहे ते ओळखणे

टेप, रॅप (चिकटवायची पातळ विनाइल फिल्म) किंवा रंग यांपैकी काहीही करण्याआधी चमकणाऱ्या भागाला एक लोहचुंबक लावून पाहावे. घट्ट चिकटला तर खाली पोलाद आहे. चिकटला नाही किंवा अगदीच लटका धरला, तर तो भाग प्लास्टिकचा, अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असू शकतो. नखाने टकटक करून पाहिले की प्लास्टिक आवाजावरून लगेच कळते. आजच्या पुष्कळ गाड्यांवर हेडलाइटची आणि मीटरची रिंग प्लास्टिकवर क्रोम चढवलेली असते. तिच्यावर थिनर चालत नाही आणि भट्टी तर नाहीच. क्लच-ब्रेकचे लिव्हर बहुधा अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांवर क्रोम नसते, नुसते पॉलिश असते. ही दोन मिनिटांची परीक्षा टाळल्यामुळे बिघडलेल्या रिंगा कुठल्याही पेंटरच्या दुकानात पाहायला मिळतील.

चौथी पायरी: टेप आणि रॅप

यादीतला भाग खरोखर झाकावा का, हे ठरवण्यासाठी आठवडाभर तो तात्पुरता झाकून गाडी चालवावी. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीला गुंडाळतात तसली काळी सुती टेप यासाठी उत्तम. इलेक्ट्रिकची काळी टेप वापरू नये. ती स्वतःच चकाकते आणि उन्हात तिचा गोंद पाझरून हातांना लागतो. हँडलवर टेप गुंडाळताना ती ॲक्सिलरेटरच्या मुठीखाली जाऊ देऊ नये आणि मुठीला घासूही देऊ नये. टेप लावून झाल्यावर मूठ पिळून सोडावी, ती स्वतःहून झटकन मागे आली पाहिजे. मग हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून एकही केबल ताणली जात नाही हे पाहावे. ही तपासणी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

आठवडाभरात फरक जाणवला तर मॅट विनाइल रॅप लावून घ्यावा. नंबर प्लेट आणि स्टिकर कापून देणारा आपला रेडियमवाला हे काम करतो. घरी करायचे असल्यास भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. क्रोमवर बसलेले पॉलिशचे मेण निघाले नाही तर रॅपच्या कडा पहिल्याच महिन्यात उचलतात. रॅप हेअर ड्रायरने कोमट करत, मधून बाहेरच्या बाजूला दाबत लावावा. हँडलवर जोड खालच्या बाजूला ठेवावा, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्हींपासून तो वाचतो. लावून झाल्यावर कडांना पुन्हा एकदा चांगली उष्णता द्यावी. ब्लेडने गाडीवरच रॅप कापण्याचा मोह आवरावा, कारण पाते मुलाम्यात उतरले तर त्या रेघेतून पुढे गंज चढतो. माप घेऊन, कात्रीने आधीच कापलेला तुकडा लावणे सुरक्षित. गोल रिंगेवर अखंड तुकडा बसवण्याचा हट्टही धरू नये. तीनचार तुकडे किंचित एकमेकांवर चढवून लावले तर हातभर अंतरावरून जोड दिसत नाहीत. रॅपचा मोठा गुण म्हणजे तो उद्या काढून टाकता येतो आणि गाडी विकताना खालचे क्रोम जसेच्या तसे मिळते. सायलेन्सर आणि त्याचा बेंड पाइप यांना मात्र तो लावू नये, तो वितळून धातूला चिकटेल.

बाजारात रबरी थराचा, सोलून काढता येणारा स्प्रेही मिळतो. मीटरच्या रिंगेला तो चांगला, पण टाकीच्या झाकणाजवळ नको, कारण पेट्रोलचे थेंब पडले की तो मऊ होऊन चिघळतो.

पाचवी पायरी: कायमचा रंग

इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक नुकसान इथेच होते. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात हेडलाइटची रिंग नुसती पुसून तिच्यावर मॅट काळा स्प्रे मारला होता. चार दिवस ती फार रुबाबदार दिसली आणि पहिल्या मोठ्या पावसात कांद्याच्या पापुद्र्यासारखे तिचे पोपडे निघाले. दोष रंगाचा नव्हता. क्रोमचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो आणि त्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य थर इतका निष्क्रिय असतो की रंगाला धरायला तिथे काहीच मिळत नाही.

म्हणून भाग गाडीवरून उतरवून आधी डिटर्जंटने आणि मग अल्कोहोलने स्वच्छ करावा. त्यानंतर ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून सगळा पृष्ठभाग एकसारखा घासावा. क्रोम पूर्ण काढायचे नाही, फक्त त्याची झळाळी मारायची आहे. बोटाने चाचपले असता भाग सगळीकडे सारखाच खरखरीत लागला आणि उजेडात धरल्यावर कुठेही आरशासारखा डाग उरला नाही की थांबावे. कोरडे घासू नये, ती धूळ श्वासात जाणे बरे नाही. ओले घासतानाही हातमोजे घालावेत. सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि प्रायमर हे सगळे एका फेरीत मिळते.

दुकानात मागताना साधा लाल किंवा राखाडी प्रायमर घेऊ नये. धातूला किंचित कुरतडून धरणारा एचिंग प्रायमर घ्यावा, आणि भाग प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिकचा प्रायमर वेगळा मागावा. घासल्यानंतर त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण मुलाम्यात कुठे पोलाद उघडे पडले असेल तर पावसाळी हवेत रात्रभरातही त्यावर तांबूस छटा येते. स्प्रेचा डबा २० ते २५ सेंटीमीटर लांब धरून, हात सतत हलता ठेवून, तीन-चार पातळ हात द्यावेत आणि दोन हातांमध्ये दहा मिनिटे जाऊ द्यावीत. एकदाच दाट हात दिला की ओघळ येतात. हा नियम सगळ्यांना माहीत असतो, तरी सगळेच पहिल्यांदा तो मोडतात. त्यावर मॅट रंगाचे तसेच हात आणि शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे बिनरंगी संरक्षक थर, द्यावे. शेवटचे क्लिअर चुकून चकचकीत घेतले तर आतापर्यंतची मेहनत वाया गेली असे समजावे.

वेळही निवडावी लागते. मे महिन्याच्या दुपारी धातू इतका तापलेला असतो की फवारा पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग रेताड होतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रंगावर पांढरट झाक धरते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातली सकाळ, वारा नसलेली, ही माळव्यात या कामाची खरी वेळ. रंग हाताला सुकला तरी आठवडाभर त्यावर पेट्रोल सांडू देऊ नये.

टाकीच्या झाकणाबाबत मात्र मी घरगुती स्प्रेचा सल्ला देत नाही. डब्यातला साधा रंग पेट्रोलने मऊ पडतो आणि दर वेळी पंपावर गेल्यावर एखादा थेंब पडतोच. तिथे हार्डनर मिसळलेला दोन भागांचा मॅट क्लिअर लागतो, आणि त्याची वाफ घातक असल्यामुळे तो योग्य मास्क आणि वायुवीजन असलेल्या पेंटरकडूनच मारून घ्यावा. तोपर्यंत झाकणावर रेक्झिनचे टाकी कव्हर चढवले तरी ऊन अडते. पुढच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीजवळ काम करतानाही सावध राहावे, कारण ब्रेक ऑइल रंग खाऊन टाकते. थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावा.

हँडल किंवा लेग गार्ड संपूर्ण काळे करायचे असेल तर पावडर कोटिंग जास्त टिकते. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात चौकशी केल्यास असे काम करणारे सापडतील. यात पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, म्हणून भागावरचे रबर, प्लास्टिक आणि वायरी आधी पूर्ण काढून द्याव्यात. कारागिराला एक गोष्ट स्पष्ट सांगावी: हँडलचे क्रोम ॲसिडमध्ये बुडवून न काढता सँड ब्लास्टिंगने, म्हणजे जोरात वाळू मारून, खरखरीत करावे. ॲसिडमुळे कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते, आणि हँडल हा भाग ठिसूळ होऊन चालणार नाही.

सायलेन्सरला रंग द्यायचाच असेल तर ६०० अंशांपर्यंत टिकणारा उष्णतारोधक मॅट रंग घ्यावा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे इंजिन थोडा वेळ चालवून, थंड करून, पुन्हा थोडा जास्त वेळ चालवून तो पक्का करावा. नुसत्या वाऱ्यावर सुकवलेला असा रंग नखाने निघतो.

स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम

या दोन धातूंना रंगाची गरजच नसते, कारण त्यांच्यावर सोलून निघणारा मुलामा नाही. भांडी घासायची हिरवी घासणी पाण्यात भिजवून, एकाच दिशेने, लांब हातांनी फिरवावी. गोल गोल घासले तर ओरखड्यांची जाळी दिसते. काही मिनिटांत आरशाची झळाळी जाऊन साटिनसारखा शांत पोत येतो आणि तो पुढे कितीही वेळा ताजा करता येतो. लिव्हरसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. हाच प्रयोग खऱ्या क्रोमवर मात्र करू नये. मुलामा विरून खालचे पिवळसर निकेल उघडे पडते, मग तिथे डाग आणि गंज येतो, आणि पुन्हा प्लेटिंग करून घेण्यावाचून मार्ग उरत नाही.

काय करू नये

स्वच्छतागृह धुण्याच्या ॲसिडने क्रोम ‘उतरवण्याची’ युक्ती कुणी ना कुणी सांगतोच. त्यातले हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमियम विरघळवते हे खरे, पण उरलेले सांडपाणी विषारी असते, वाफ फुफ्फुसांना जाळते आणि खालचे पोलाद डागाळते. हे घरात करायचे काम नव्हे.

आरशाची काच, हेडलाइटची काच, इंडिकेटर, मागचा लाल रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट यांच्यावर रंगाचा किंवा रॅपचा लवलेशही येऊ देऊ नये. दुसऱ्यांना आपण दिसावे म्हणून त्यांची चमक असते. टाकी आणि बाजूच्या पॅनेलचा रंग बदलायचा विचार असेल तर तो वेगळा विषय आहे, कारण गाडीचा रंग आरसीत नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. तिथे आधी आरटीओत विचारून घ्यावे. मीटरची रिंग किंवा हँडल यांच्या रंगाची नोंद आरसीत नसते.

काम झाल्यावर मॅट भागांची निगा वेगळी राखावी लागते. त्यांना मेण किंवा क्रोम पॉलिश लावू नये, लावले की ठिकठिकाणी तेलकट चमक येते आणि ती पुन्हा जात नाही. सर्व्हिसिंगला गाडी देताना धुणाऱ्या मुलाला हे तोंडी सांगावे, कारण तो प्रेमाने सगळ्याच गाडीवर एकच पॉलिश फिरवतो. सौम्य साबण, मऊ कापड आणि सावलीत धुणे एवढे पुरते. उरलेल्या क्रोमला मात्र नेहमीचे मेण पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अवश्य लावावे.